गेम दिसायला एक नंबर पण खेळताना डोक्याला ताप? मग असं खेळून बघा

परवा रात्री साडेअकराला मित्राचा फोन. "बे, ती पांढऱ्या पिल्लाची गेम तू पूर्ण केलीस ना? मग ते झाडातलं पाणी कसं पार केलंस सांग, नायतर कंट्रोलर भिंतीवर मारतो आज." कंट्रोलर महागाचा आहे त्याचा, भिंत भाड्याच्या घराची आहे, म्हणून आधी त्याला शांत केलं आणि मग म्हटलं हे एकदा लिहूनच काढावं, कारण हे दुखणं काय त्या एकाच गेमचं नाही. काही गेमा इतक्या देखण्या असतात की बंद करवत नाहीत आणि डिझाइन असलं डोकेदुखीचं की चालू ठेववत नाहीत, मग लोक एकतर शिव्या घालून अनइन्स्टॉल मारतात नाहीतर दात-ओठ खात कशीतरी संपवतात, आणि संपल्यावर विचारलं की कशी होती तर म्हणतात ग्राफिक्स भारी होते.

तर ती पांढऱ्या पिल्लाची गेम म्हणजे ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट, २०१५ ला आलेली. साधारण आठ-दहा तासांची, बाजूनं दिसणारी, उड्या मारत जायची. प्रत्येक पान, प्रत्येक वेल हातानं रंगवल्यासारखी, मागं धुकं, पुढं काळ्या सावलीतली झुडपं, मधूनच उजेडाचा झोत, आणि गॅरेथ कोकर म्हणून एका संगीतकाराचं म्युझिक, जे मी अजून बसमध्ये ऐकतो. सुरुवातीची काही मिनिटं तर नुसती गोष्टच आहे, फार बटणं दाबायची नाहीत. मी ती सोलापुरात मामाकडं अक्कलकोट रोडला बसून खेळत होतो, मामी भाकरी टाकून मागं येऊन उभी राहिली, आणि ते झाल्यावर "असलं कशाला लावतोस रे जेवायच्या वेळेला" म्हणत पदरानं डोळे पुसत आत गेली. काय होतं ते सांगत नाही, खेळा. मामा चादरीच्या मागावर तीस वर्षं काढलेला माणूस, त्यानं स्क्रीनकडं बघून एवढंच विचारलं, "ह्यात रंग किती हायत? मागावर कोण घालणार एवढे." त्याच्याकडनं ही स्तुतीच समजायची.

आणि मग गेम सुरू होते, आणि कळतं की सेव्ह आपलं आपण करायचंय. म्हणजे ठरावीक जागेवर आपोआप सेव्ह होत जाईल असा भरवसा नाही, आपल्याकडं एनर्जी असते, ती खर्चून जिथं पाहिजे तिथं सोल लिंक लावायची, तोच आपला सेव्ह पॉइंट. शत्रू जवळ असला तर लावता येत नाही, एनर्जी संपली असली तर लावता येत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लक्षात राहत नाही. देखावा बघत बघत पंधरा मिनिटं पुढं जायचं आणि एका काट्यावर पडून पंधरा मिनिटं मागं यायचं.

त्याच्यापुढं ते जिन्सो झाड. झाडाच्या पोटातनं वर चढत जायचं, वर पोचलं की पाणी मोकळं होतं आणि खालनं उसळत येतं, त्याच्या पुढं पळायचं. मध्ये एकही चेकपॉइंट नाही. चुकला की पहिल्यापासनं. आता ज्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्या गावातल्या माणसानं पाणी आलं म्हणून पळून जायचं, ही कल्पनाच आमच्या मेंदूत बसत नाही. आणि मी खोटं सांगत नाही, एकदा अगदी वरच्या टोकाला पोचलो होतो आणि आतनं मामी ओरडली, "पाणी आलंय, मोटार लाव!" तिकडं पिल्लू बुडालं, इकडं टाकी भरली.

हां तर उपाय.

पहिली गोष्ट, सेटिंग मेन्यूत जाऊ नका, यूट्यूब उघडू नका, वही घ्या. खरंच वही, किंवा वीजबिलाची मागची बाजू. मेलात की एक अक्षर लिहायचं. बटण दाबायला उशीर झाला, बोट घसरलं, उडी लवकर मारली, तर 'हा', म्हणजे हात. काटा तिथं होता पण पानाआड दिसलाच नाही, किंवा आपण कुठं आहोत तेच गर्दीत हरवलं, तर 'डो', डोळा. आणि काय करायचं होतं तेच माहीत नव्हतं, किंवा सगळं बरोबर करून फक्त सेव्ह नव्हतं म्हणून मागं गेलो, तर 'गे', गेम. वीस-पंचवीस मरणं झाली की बघा कुठलं अक्षर जास्त आलंय. हे मला सुचलं कसं तर मामामुळं. मी त्या पाण्यात मरत होतो आणि मामा स्वयंपाकघरात पाठ करून जेवत होता, आणि तिथनं न बघता म्हणायचा, "आता मरतोय बघ." आणि मी मरायचो. चार-पाच वेळा असं झाल्यावर मी चिडून विचारलं कसं कळतंय तुला, तर म्हणाला एक फुस्स असा आवाज येतोय, त्याच्यानंतर तू दोनदा टकटक करतोस, मग धप्प. दर वेळी तेच. तीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभं राहिलेला माणूस, धागा तुटला की आवाजावरनं कळतं त्याला, कापडाकडं बघायलाच लागत नाही.

म्हणजे मी तीस-पस्तीस वेळा मेलो होतो असं मला वाटत होतं, खरं तर मी एकाच जागी एकाच चुकीनं मरत होतो. गेममध्ये किती वेळा मेलात तो आकडा बघायला मिळतो पण तो काय कामाचा, तो नुसता मीठ चोळतो. कुठं आणि कशानं ते वहीच सांगते.

वहीत 'हा' जास्त असेल तर लगेच स्वतःला दोष देऊ नका, आधी मशीन तपासा. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो तो चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ घालवतो आणि तुम्ही बटण दाबल्यावर पिल्लू जरा थांबून उडतं. हा फरक सेकंदाच्या छोट्याशा तुकड्याचा असतो पण काट्यावर पडायला तेवढा पुरतो. पीसीवर व्ही-सिंक (गेमचं चित्र स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) बंद करून बघा, चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसेल पण हाताला फरक जाणवतो, दिसणं आणि हात यात हात निवडा, निदान पळापळीपुरतं. कीबोर्डवर खेळत असाल आणि बोटांचा गुंता होत असेल तर साधा वायरचा कंट्रोलर घ्या.

आणि उन्हाळा. हे पुण्या-मुंबईच्या गाइडमध्ये कोणी लिहित नाही म्हणून मी लिहितो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका, आणि लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा स्पीड कमी करतो. मग अर्ध्या तासानंतर गेम अडखळायला लागते आणि आपल्याला वाटतं आपलाच हात आज चालत नाही. माझं दुपारच्या मरणांचं पान आणि पहाटेच्या मरणांचं पान शेजारी ठेवलं तर दोन वेगळी माणसं खेळलीत असं वाटेल. उपाय साधा, लॅपटॉपच्या मागच्या बाजूला दोन वह्या ठेवून उचला, गादीवर किंवा चादरीवर ठेवून खेळू नका (सोलापुरी चादर ऊब धरण्यासाठीच बनलीय, लॅपटॉपची सुद्धा धरते), फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) साठवर किंवा झेपत नसेल तर तीसवर बांधून टाका. सारखा तीस परवडला, वर-खाली होणारा साठ नको. रिझोल्यूशन एक पायरी खाली घेतलं तरी असली चित्रासारखी गेम फार वाईट दिसत नाही. शक्य असेल तर पहाटे खेळा.

वहीत 'डो' जास्त असेल तर मात्र प्रकरण वेगळं आहे, आणि माझ्या मते खरी गंमत इथंच आहे. या असल्या गेमांमध्ये जी गोष्ट सुंदर आहे तीच गोष्ट आडवी येते. ओरीत पुढच्या थरातली झुडपं, उडणारे काजवे, उजेडाचा झोत, यानंच तर ते जंगल जंगल वाटतं, आणि त्याच्यातच काटा लपतो. शत्रूला मारलं की इतका लखलखाट होतो की आपलं पिल्लू, जे स्वतःच पांढरं चमकतंय, ते कुठंय तेच कळत नाही. म्हणजे चित्रकार जिंकलाय आणि खेळणारा हरलाय. याला सेटिंगमध्ये इलाज फार नाही, ब्राइटनेस थोडा कमी-जास्त करून बघता येतो तेवढाच, इलाज आपल्या सवयीत करायला लागतो.

मी काय करतो, नवीन जागी पहिली फेरी मरायला देतो. म्हणजे ठरवूनच जायचं की या फेरीत जगायचं नाही, फक्त बघायचं, काटे कुठं, भिंत कुठं, वळण कुठल्या बाजूला. गड्ड्याच्या जत्रेत आपण नाही का, आधी एक चक्कर नुसती मारतो, पाळणे बघत, काय कुठंय ते हेरत, पैसे दुसऱ्या चकरेला काढतो. तसंच. पहिल्या फेरीत देखावा डोळे भरून बघून घ्या म्हणजे दुसऱ्या फेरीत डोळा तिकडं ओढला जात नाही. दुसरी गोष्ट, पळताना पिल्लाकडं बघू नका, पिल्लाच्या एक उडी पुढं बघा, पिल्लू कुठंय ते हाताला माहीत असतं. आणि तिसरी मामाची, कान लावा. हेडफोन घालून खेळा. डोळ्याला जे गर्दीत सापडत नाही ते बऱ्याचदा कानाला आधी कळतं, तो फुस्स आवाज म्हणजे शत्रू गोळा सोडतोय, तो मी एवढे दिवस म्युझिकच समजत होतो.

आता मित्रा, तुझं झाड. त्या पळापळीआधी तुला बॅश मिळालेला असतो, म्हणजे शत्रू किंवा त्यानं टाकलेला गोळा पकडून त्याच्यावरनं झेप घ्यायची. बटण दाबून धरलं की क्षणभर सगळं थांबतं, बाण दिसतो, बाणाच्या दिशेनं तू जाणार आणि गोळा उलट्या दिशेनं जाणार. तू काय करतोयस तर घाईनं दाबतोस आणि लगेच सोडतोस, म्हणून वाकडा जातोयस. धरून ठेव. पाणी सुद्धा तेव्हा थांबलेलं असतं, अख्ख्या झाडात श्वास घ्यायची तेवढीच एक जागा आहे, ती फुकट घालवू नको. दिशा आधी लाव मग सोड. डबल जंपची, म्हणजे हवेतल्या हवेत मारायची, दुसरी उडी पहिली उडी अगदी वर पोचल्यावर मार, खाली यायला लागल्यावर नाही. खाली पाणी किती आलंय ते बघूच नको, ते येतच असतं. आणि दहा वेळा मेलास की उठून पाणी पी, अकराव्यांदा हात तीच चूक पाठ करत असतो.

वहीत 'गे' जास्त आलं तर गेमच्या चुकीची भरपाई आपण सवयीनं करायची. ओरीपुरतं माझं साधं गणित, नवीन रंग दिसला की सोल लिंक. म्हणजे हिरव्यातनं निळ्यात आलो, थांबलो, लावली. अवघड उडी पार केली, लावली. एनर्जी शेवटची एक उरली असेल तर ती मारामारीत घालवायची नाही, ती सेव्हसाठीच. आणि कुठं जायचं तेच कळत नसेल तर गाइड बघा की राव, त्यात काय लाज. फक्त गोष्टीचं नाव टाकून शोधू नका, जागेचं नाव टाकून शोधा, नाहीतर यूट्यूब पहिल्या फोटोतच शेवट दाखवतो. यातली गंमत अशी की बनवणाऱ्यांनाही हे कळलं असावं, कारण २०१६ ला या गेमची डेफिनिटिव्ह एडिशन आली त्यात इझी मोड आला आणि लांबच्या ठिकाणांमध्ये झटक्यात जायची सोय आली, आणि २०२० ला दुसरा भाग आला, ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स, त्यात सेव्ह आपोआप होतं. त्यामुळं आज घेणार असाल तर जुनी मूळ आवृत्ती घेऊच नका, डेफिनिटिव्हच घ्या, आणि दुसऱ्या भागापासनं सुरुवात केली तरी माझी हरकत नाही, गोष्ट थोडी कमी लागेल एवढंच.

इझी मोडबद्दल एक वेगळं बोलायचंय. आमच्या ग्रुपमध्ये इझी म्हटलं की हसतात. मला सांगा, हॉटेलात तिखट झेपत नसेल तर आपण दही मागतो, तेव्हा कोण हसतं का? शेंगा चटणी बिनतेलाची खायची कोणी पैज लावत नाही. नवीन गेम सुरू करतानाच गेम विचारते कुठला मोड, तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा, मी ही घेतली कशासाठी. ट्रेलरमधलं जंगल बघून घेतली असेल तर जंगल बघायला जा, काट्यांची परीक्षा द्यायला कोणी बोलावलं नव्हतं. उलट काट्यांसाठीच घेतली असेल तर मग कुरकुर कशाला.

कारण काही त्रास असा असतो की तो चूक नसतोच, मुद्दाम ठेवलेला असतो, आणि तिथं वही उपयोगाची नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ घ्या, २०१८ ची, घोड्यावरच्या काउबॉयची गेम. कपाट उघडलं की तो माणूस वाकतो, दार ओढतो, डबा उचलतो, बघतो, खिशात घालतो. प्रत्येक वेळी. कॅम्पमध्ये पळताच येत नाही, चालायचं. माझ्या धाकट्या भावानं दोन दिवसांत सोडली, म्हणाला ही गेम आहे की सरकारी ऑफिस. मी सुद्धा पहिल्यांदा वैतागलो होतो, मग एक केलं, सामान उचलायचंच बंद केलं. दर मढ्याचे खिसे चापसायची गरज नसते, पैसे तसेही पुरतात. नुसता घोडा, पाऊस, डोंगर. तीच गेम मला आवडायला लागली. तिथं त्रास हा होता की मी दुसऱ्या गेमांची सवय घेऊन आलो होतो. पण त्याच गेममध्ये मिशनच्या वेळी सांगितलेल्या रस्त्यावरनं जरा बाजूला गेलं की फेल करतात, एवढा मोठा मुलूख देऊन वर पट्ट्यानं मारल्यासारखं, ते मला अजून पटलेलं नाही आणि त्यावर इलाजही नाही, सांगतील तसं जायचं आणि मिशन संपलं की परत मोकळं व्हायचं.

होलो नाइट, २०१७ ची, किड्यांच्या जगात वाटा शोधत फिरायची गेम, तिथं नकाशात आपण कुठं आहोत हे दिसायला सुद्धा एक चार्म, म्हणजे ताईतासारखी वस्तू, लावायला लागतो आणि त्यानं चार्मची एक जागा अडते. कित्येकांना हा छळ वाटतो. मला नाही वाटत, हरवणं हेच त्या गेमचं काम आहे, लहानपणी आपण टिळक चौकातनं मधल्या गल्ल्यांत घुसायचो आणि भलतीकडंच निघायचो तसं. पण तुम्हाला सहन होत नसेल तर तो चार्म कायम लावून ठेवा आणि एक जागा कमी आहे असंच समजा.

पैशाचं पण बोलू. स्टीमवर, म्हणजे पीसीच्या गेमा विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, घेतली असेल तर घेतल्यापासनं चौदा दिवसांच्या आत आणि खेळण्याचे दोन तास व्हायच्या आत परत देता येते, पैसे परत येतात. अडचण अशी की देखण्या गेमा पहिल्या दोन तासांत त्यांचं सगळं सोनं-नाणं बाहेर काढतात, खरा त्रास नंतर सुरू होतो, ओरीतलं ते पाणी सुद्धा त्याच सुमाराला किंवा त्याच्या पुढंच येतं. म्हणून पहिल्या दोन तासांत देखावा बघत बसू नका, उलट मुद्दाम बटणं तपासा, एकदा मुद्दाम मरून बघा की कुठं नेऊन टाकते, मेन्यूत जाऊन बघा अक्षरं मोठी होतात का, बटणं बदलता येतात का, कॅमेरा हलणं बंद होतं का. देखावा कुठं पळून जात नाही. सेल लागेपर्यंत थांबता आलं तर अजून बरं, स्वस्तात घेतलेल्या गेमचा राग पण स्वस्तात येतो.

आणि एवढं सगळं करून जमलं नाही तर सोडा. पण सोडायची एक पद्धत आहे. रागानं सोडताना सेव्ह डिलीट करू नका, आणि वहीच्या शेवटच्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवा, कुठं आहे, कशानं मरतोय, पुढं काय करून बघायचंय. कारण दोन-तीन महिन्यांनी ते म्युझिक कुठंतरी कानावर पडतं आणि परत खेळावंसं वाटतं, आणि तेव्हा बोटांना काही आठवत नसतं. मी ते झाड मे महिन्यात सोडलं होतं, परत उघडलं ते पावसाळ्यात, मामाकडंच, वहीच्या मागच्या पानावर माझ्याच वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, "जिन्सो झाड. पाणी. बॅश धरून ठेव. टाकी आधी भरून घे."